दोन रीजनल एअरलाइन्सच्या ऑफर आणि एक सही: वैमानिकांचे अनुभव

नोकरी नसते तेव्हा वैमानिकाची झोप उडते, आणि एकदम दोन ऑफर आल्या तरीही उडते. माझ्या ओळखीतला एक तरुण फ्लाइट इन्स्ट्रक्टर सध्या याच फेऱ्यात अडकलाय. दोन्ही ऑफर रीजनल, म्हणजे जवळच्या शहरांमध्ये छोटी विमानं उडवणाऱ्या कंपन्यांच्या. एका कंपनीकडे टर्बोप्रॉप (पंख्यांचं विमान), बेस (जिथून ड्यूटी सुरू होते तो विमानतळ) घरापासून गाडीनं जाण्याजोगा, पगार जेमतेम, ट्रेनिंगची बॅच पुढच्याच महिन्यात. दुसरीकडे जेट, पगार बराच वर, बेस परमुलखात आणि बॅच 'बहुधा पाच-सहा महिन्यांनी'. सल्ले त्याला भरपूर मिळतायत, मीही दिलेत. पण सल्ला देणाऱ्याला त्या रोस्टरवर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर) जगायचं नसतं. म्हणून इथे घडलेलं लिहा: तुमच्यापुढे काय होतं, काय निवडलंत, मग काय झालं. कंपन्यांची नावं टाळा, आपलंही नको; वर फक्त आपण कोण ते लिहा. हे जग फार लहान आहे, आज जिच्याबद्दल लिहाल तिथेच उद्या मुलाखतीला बसाल.

सुरुवात मीच करतो. मी जी आधी बोलावत होती ती कंपनी घेतली, केवळ सीनियॉरिटी नंबरासाठी. जिथे ही पद्धत आहे तिथे तुमचे उड्डाणाचे तास, हात, स्वभाव सगळं बाजूला राहतं. रुजू झाल्याच्या तारखेवरून एक नंबर मिळतो आणि रजा, रोस्टर, बेस, विमान, कमांड (कॅप्टनपद) हे सगळं त्या रांगेनं मिळतं. एकाच बॅचमध्ये पुढे कोण, हे कुठे वयावर ठरतं, कुठे सोडत काढून. कपात आली की ती रांगेच्या शेपटाकडून सुरू होते. कंपनी सोडलीत तर नंबर तिथेच राहतो, नव्या ठिकाणी तुम्ही पुन्हा शेवटचे. माझ्या बॅचनंतर भरतीचा लोंढा आला. थोड्याच आठवड्यांनी आलेली मंडळी माझ्यामागे लांब फेकली गेली. मला ठरलेलं रोस्टर मिळत होतं तेव्हा ती स्टँडबायवर (राखीव) फोनकडे बघत बसलेली. भरती तिथेच थांबली असती तर शेपटाला मीच लटकलो असतो, हेही खरं. तेव्हा नुसती तारीख बघून भागत नाही. आपल्यामागून किती जण येणार, हेही विचारावं लागतं. त्याचं उत्तर लेखी कोणी देत नाही.

फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), एम्ब्राएर १७५

माझ्यापुढे जवळजवळ हाच पेच होता आणि मी जेटवाली घेतली. बेस परगावी असणं म्हणजे काय, ते आधी लिहिते. स्टँडबायच्या दिवशी फोन आला की साधारण दोन तासांत युनिफॉर्ममध्ये हजर व्हायचं. दुसऱ्या शहरातून विमानानं येणाऱ्याला ते जमणं शक्य नाही, म्हणून बेसजवळ क्रॅशपॅड, म्हणजे क्रूची भाड्याची सामायिक जागा. दुमजली खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, कारण एकाची पहाटेची ड्यूटी आणि दुसरा रात्री दोनला परतलेला. फ्रिजच्या कप्प्यांवर मास्किंग टेपवर नावं. त्यातली निम्मी केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेल्यांची.

घरी जायला कॉकपिटमधली जंपसीट (वैमानिकांच्या मागची जादा सीट) मागायची. उन्हाळ्यात दुपारी हवा तापली की विमानाला तेवढं वजन उचलवत नाही, आणि वजन कमी करायची वेळ आली की सगळ्यात आधी उतरतो तो जंपसीटवरचा. दार लागता लागता बॅग घेऊन एरोब्रिजवरून परत यायचं. कागदावर चार दिवसांची सुट्टी असते, त्यातली घरी अडीच मिळाली तर नशीब.

तरी मला निवडीचं वाईट वाटत नाही, कारण माझ्याबरोबर त्याच आठवड्यात ऑफर मिळालेली मैत्रीण 'घराजवळ' म्हणून दुसरीकडे गेली आणि कंपनीनं तो बेसच बंद केला. विमानं दुसरीकडे हलली, बेस हलला, आता तीही क्रॅशपॅडमध्ये. बेसची हमी फक्त रुजू होण्याच्या दिवसापुरती असते.

कॅप्टन, एटीआर ७२-६००

वरच्या ताईंशी भांडण नाही, पण जेटचं कौतुक सगळीकडे ऐकायला मिळतं, म्हणून ही दुसरी बाजू.

मला दोन्ही ऑफर होत्या आणि मी ठरवून एटीआर हे टर्बोप्रॉप घेतलं. हे विमान २५,००० फुटांच्या वर जात नाही. जेटवाले ३५,००० वरून ढगांचे शेंडे बघत निघून जातात. आम्ही त्याच ढगांच्या पोटात वाट शोधत असतो. बर्फ आमच्याच उंचीवर मिळतो. १९९४ साली अमेरिकेत रोझलॉनजवळ एक एटीआर ७२ पंखांवरच्या बर्फामुळे कोसळलं, ६८ माणसं गेली, आणि त्यानंतर पंखाच्या कडेवरचे फुगणारे रबरी बूट रुंद करण्यात आले. आमच्या सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) बर्फाचा धडा आला की हसणं-खिदळणं बंद होतं, ते यामुळे.

शिवाय ऑटोथ्रॉटल (इंजिनची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही. पॉवर लिव्हर दिवसभर हातात. दिवसाला पाच-सहा सेक्टर (टेकऑफ ते लँडिंग असा एकेक टप्पा), निम्म्या विमानतळांवर आयएलएस (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) नाही, धावपट्ट्या आखूड. आडव्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे ठेवून खाली यायचं, शेवटच्या क्षणी रडरनं सरळ करायचं, वीसेक फुटांवर पॉवर आयडलला आणली की पंखे हवा धरतात आणि विमान बसतं. सेकंदभर आधी आणलीत तर आदळतं. हे दिवसातून तीनदा स्वतः करायचं, उरलेल्या वेळी शेजारच्याचं बघायचं. जेटवर दोन लांब सेक्टर करणाऱ्या मित्राला महिन्यात मिळत नाहीत एवढी लँडिंग मला आठवड्यात मिळत होती.

किंमतही सांगतो. एटीआर ७२ चं टेकऑफचं कमाल वजन २३ टन, एम्ब्राएर १७५ चं ४० टनांच्या आसपास. मोठ्या कंपन्यांच्या काही जाहिरातींत 'इतक्या टनांवरचं जेट, त्यावर इतके तास' अशी अट असते. तिथे माझे हजारो तास शून्य धरले गेले आणि अर्ज पहिल्याच चाळणीत गळाला. ज्या कंपन्या मल्टी-क्रू टर्बाइन तास (दोन वैमानिकांच्या, टर्बाइन इंजिनाच्या कुठल्याही विमानावरचे) सरसकट मोजतात, त्यांच्याकडे काही अडलं नाही. तेव्हा ऑफर निवडण्याआधी तिच्यानंतरची नोकरी कुठली हवी ते ठरवा आणि त्या कंपनीची जाहिरात काढून वाचा. फुकट असते.

फर्स्ट ऑफिसर, क्यू४०० (हेही टर्बोप्रॉप)

मी पगार बघितला नाही, करार बघितला. अक्षरशः छापून, पेन्सिल घेऊन.

दोन्हींकडे टाइप रेटिंगचा (त्या विमानाच्या खास प्रशिक्षणाचा) खर्च कंपनीचा आणि त्याबदल्यात बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे. वरवर सारखंच. मग बारकावे दिसायला लागले. एकीकडे बाँडची रक्कम महिन्यागणिक कमी होत जाणार, दुसरीकडे शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण. एकीकडे मुदत टाइप रेटिंगच्या पहिल्या दिवसापासून मोजणार, दुसरीकडे लाइन चेक (प्रत्यक्ष उड्डाणातली परीक्षा) पास झाल्यानंतर. मधले महिने उमेदवाराच्या गळ्यात. रुजू होताना देतात तो बोनसही मुदतीआधी सोडलं तर परत, आणि तो करापूर्वीचा आकडा की हातात पडलेला, यावर करारात एक ओळ नाही.

माझा खरा प्रश्न मेडिकलचा होता. क्लास १ (वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) गेलं तर बाँड वसूल करणार का? आणि गरोदरपणात? आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे गरोदर वैमानिक तात्पुरती अनफिट धरली जाते. गुंतागुंत नसेल आणि देखरेख असेल तर बारावा आठवडा संपल्यापासून सव्विसावा संपेपर्यंत उडायची मुभा मिळू शकते, ती प्रत्येक देशाचं नियामक खातं आपापल्या परीनं देतं. त्या काळात मी सीनियॉरिटीत कुठे? बाँडचे महिने पुढे ढकलणार का? दोन्ही कंपन्यांना एकच मेल पाठवला. एकीचं तीन ओळींचं उत्तर आलं, कलमांच्या क्रमांकांसकट. दुसरीकडून फोन आला: 'अहो मॅडम, असं कधी होत नाही आमच्याकडे, तुम्ही काळजी करू नका.' मी तीन ओळींच्या कंपनीत आहे.

(धागा काढणारा: ही मेलची गोष्ट मी त्या मुलाला ताबडतोब पाठवली. मुलगा आहे, पण मेडिकल त्याचंही जाऊ शकतं.)

माजी कॅप्टन, आता सिम इन्स्ट्रक्टर

रीजनल कंपनीकडे दोन प्रकारचं काम असतं. स्वतःची तिकिटं विकून स्वतःच्या जोखमीवर उडायचं, किंवा मोठ्या कंपनीच्या रंगात, तिच्या नावानं, ठरावीक मोबदल्यावर उडायचं. दुसऱ्या प्रकारात इंधन महागलं तरी ते बहुधा मोठीच्या खात्यात जातं, विमान रिकामं उडालं तरी पैसे मिळतात. करार संपला की मात्र सगळंच संपतं. अमेरिकेतल्या एक्सप्रेसजेट या रीजनलकडून युनायटेड या मोठ्या कंपनीचं काम २०२० साली गेलं, दोन वर्षांनी कंपनीच बंद झाली. २०२० च्याच एप्रिलमध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन अमेरिकी रीजनल काही दिवसांच्या अंतरानं थांबल्या. स्वतःच्या जोखमीवरच्या कंपन्यांचंही तेच होऊ शकतं. ब्रिटनची फ्लायबी ५ मार्च २०२० ला बंद पडली. पुन्हा उभी केली ती जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्यांदा बंद.

माझी स्वतःची पहिली कंपनी अशीच गेली. नाव सांगत नाही. बुडायच्या आधी चिन्हं दिसत होती: इंधनवाला रोख मागायला लागलेला, हॉटेलनं क्रूला खोल्या नाकारलेल्या, एका विमानाचे सुटे भाग काढून दुसऱ्यात घातलेले. पगार मात्र शेवटपर्यंत वेळेवर येत होता, म्हणून कुणी हललं नाही. पुढच्या वेळी माझ्याकडे दोन ऑफर आल्या तेव्हा मी दोघांनाही एवढंच विचारलं: विमानं कुणाच्या मालकीची, आणि मोठ्या कंपनीशी करार कधी संपतो? एकानं तारीख सांगितली. दुसरा म्हणाला, ते गोपनीय आहे. असेलही. मी तारखेवाल्याकडे गेलो.

फर्स्ट ऑफिसर, जेट

थोडक्यात. 'लवकर कमांड' या शब्दावर जाऊ नका. २००९ च्या बफेलोजवळच्या रीजनल विमानाच्या अपघातानंतर अमेरिकेत नियम बदलले. २०१३ पासून उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून, बसायलाही, काही सवलती सोडता, १५०० तास लागतात आणि एअरलाइनचा कॅप्टन व्हायला तशा सेवेतले १००० तास वेगळे. मला 'लवकर कमांड' देणाऱ्या कंपनीकडे कॅप्टनांचाच तुटवडा होता. कॅप्टन नाहीत म्हणून उड्डाणं कमी, म्हणून आम्ही उजवीकडचे स्टँडबायवर, म्हणून आमचे १००० भरेनात, म्हणून कॅप्टन होईनात. हमीचे तास असल्यानं पगार मिळायचा, लॉगबुकातले तास जिथल्या तिथे. दुसऱ्या ऑफरचं वचन हळू होतं, पण तिकडे गेलेले माझ्याआधी डावीकडे, कॅप्टनच्या सीटवर, बसले.

वैमानिकाची बायको

मी उडत नाही, पण निवड आमच्या घरात झाली म्हणून लिहिते. आम्ही दोन्ही कंपन्यांतल्या, सर्वांत नव्या बॅचच्या एकेका वैमानिकाकडून गेल्या महिन्याचं रोस्टर मागवलं. प्रत्यक्ष घडलेलं, बदलांसकट. दोन्ही शेजारी लावली. ज्या कंपनीचा पगार जास्त होता, तिच्या रोस्टरवर सुट्टीच्या दिवशी बोलावल्याच्या खुणाच खुणा. पहिल्या वर्षी शनिवार-रविवार दोन्हीकडे नव्हतेच, ती आशा सोडून दिली. पण दुसऱ्या कंपनीत निदान 'सुट्टी' लिहिलेलं ते सुट्टीच होतं. आम्ही ती घेतली. नवरा आजही म्हणतो, ई-जेट (एम्ब्राएरचं जेट) मिळालं असतं. म्हणू दे.

कॅप्टन, टर्बोप्रॉपवरून जेटवर

एक अवघड गोष्ट कुणी लिहिली नाही, ती लिहितो. दोन्हींना 'हो' म्हणून ठेवणं. पुष्कळ जण करतात.

मी पहिल्या कंपनीच्या ग्राउंड स्कूलमध्ये बसलो होतो. नियमावली, आपत्कालीन सराव, कागदपत्रं. सिम सुरू व्हायला आठवडा होता. तेवढ्यात दुसरीची तारीख आली, ठरल्यापेक्षा खूप आधी. माझा बाँड टाइप रेटिंगच्या पहिल्या सत्रापासून सुरू होणार होता, म्हणजे कायद्यानं मी मोकळा. त्याच दिवशी संध्याकाळी चीफ पायलटच्या खोलीत जाऊन सांगितलं. बसा म्हणाले नाहीत. एकच विचारलं: 'सिम पार्टनरला सांगितलंस का?' नव्हतं सांगितलं. सिममध्ये जोडी लागते. मी गेलो तर त्याची बॅच लांबणार, किंवा त्याच्या शेजारी कुणी सीट-फिलर (नुसता जोडीला बसणारा वैमानिक) बसवावा लागणार. त्याला जाऊन सांगणं मुलाखतीपेक्षा जड गेलं. तो शिव्या देऊन मोकळा झाला, मग चहा पाजला.

मी गेलोच, आणि निवड मला मानवली. पण ज्याला हे करायचंय त्यानं सिम सुरू होण्याआधी करावं, आणि मेलवर करू नये. त्या चीफ पायलटनी पुढे कंपनी बदलली. माझ्या कमांड चेकला मागच्या सीटवर परीक्षक म्हणून तेच होते. ओळख दाखवली नाही. इंजिन फेल्युअर मात्र व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडून देता येत नाही) दिलं, अगदी नेमकं.