नावासोबत आतलंही बदलतं

ओपनसुसे या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव बदललं तर फक्त लोगो बदलेल, बाकी सगळं तेच राहील, हे नाही पटलं भाऊ. २०१९ ला मेंबर लोकांनी मत देऊन हेच नाव ठेवलं होतं, मग २०२४ मध्ये तिच्यामागच्या सुसे कंपनीनेच ते सोडायची विनंती केली, त्याचं वाईट वाटणारच.

पण नाव सिस्टिमच्या आतही असतं ना. चोपड्याच्या शाळेत मी ओपनसुसे लीपच्या ४२.३ आवृत्तीवरून १५ वर गेलो (आकडा लहान, पण नवी तीच), जूनचा उकाडा, शाळा उघडायला दोन दिवस, आणि प्रिंटर लावणारी माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, सगळ्या मशीनवर बंद, कारण ती सिस्टिमची ओळख लिहिलेल्या ओएस-रिलीज फाइलमधला आयडी बघायची आणि तो 'ओपनसुसे'चा 'ओपनसुसे-लीप' झालेला. तेव्हापासून त्याच फाइलमधल्या आयडी-लाइक ओळीतला, म्हणजे सिस्टिम कोणत्या घराण्यातली ते सांगणारा, 'सुसे' शब्द बघतो. तुमच्या स्क्रिप्ट आत्ताच तपासून ठेवा.