तीन मुलांसाठी बंकवाला ट्रेलर: कोणता घ्यावा? (वापरलेलाच हवाय)

पोरवडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण. मी, बायको, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ आणि शेंडेफळ अडीच. आतापर्यंत तंबूवर भागलं. मागच्या सहलीत ओळीने दोन रात्री पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओली गादी पिळत बायको म्हणाली, "पुढच्या वेळी डोक्यावर छप्पर असेल तर मी येते, नाहीतर तुम्ही चौघं जा." तेव्हापासून गाडीमागे ओढायचा, आत झोपता येईल असा ट्रेलर बघतोय.

गाडी मधल्या आकाराची एसयूव्ही. ओढण्याची क्षमता २,२७० किलो, टंग वेटची (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीवर पडणारा भार) मर्यादा २२७ किलो, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पेलोड (माणसं, सामान, टंग वेट धरून गाडीने पेलायचं वजन) ५६० किलो. बजेट: या मापाच्या नव्या ट्रेलरच्या निम्मं, म्हणजे वापरलेलाच. कर्ज काढायचं नाही. गाडी बदलायची नाही. ही शेवटची दोन वाक्यं कृपया दोनदा वाचा.

विचारायचंय ते असं, की मुलांना बंक (एकावर एक असलेले अरुंद पलंग) हवेतच का? आणि स्लाइड-आउट (ट्रेलर उभा केल्यावर बाजूला बाहेर सरकणारा भाग) असावं का?

निवांत_नाना
गाडी बदला. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. एसयूव्हीने ट्रेलर ओढणं म्हणजे बोकडाला नांगराला जुंपणं. आम्ही आधी दोन ट्रेलर घेतले, दोन्ही विकले, शेवटी पिकअप आणि फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) घेतलं. मागे मुलांची वेगळी खोली, तिला स्वतःचं दार, चार बंक. नातवंडं आली तरी आमच्या झोपेला धक्का नाही. जे शेवटी घ्यायचंच आहे ते आधीच घ्या, मधले दोन तोट्यातले व्यवहार वाचतील.

पोरवडा
नाना, ती दोन वाक्यं...

निवांत_नाना
वाचली. म्हणूनच सांगतोय.

गोगलगाय
बंक हवेतच! याला दुसरं उत्तर नाही. आमच्याकडे मागच्या कोपऱ्यात एकावर एक दोन बंक आहेत. रात्री आठला मुलं आत, पडदा ओढला की विषय संपला. आम्ही दोघं पुढे डायनेटवर (जेवणाचं टेबल आणि बाकं) बसून गप्पा मारतो. आधीच्या ट्रेलरमध्ये डायनेटचाच पलंग करावा लागायचा. मुलांना झोप आली की टेबल खाली, उशा गोळा करा, चादर घाला. त्यानंतर आई-बाप कुठे बसणार? बाहेर, अंधारात, डासांत. दोन वर्षं आम्ही असे हद्दपारीत काढलीत. रोज उलगडायचा पलंग घेऊ नका. परत सांगते, घेऊ नका.

ताडपत्री
बंक वगैरे नंतर. वापरलेला घेताय ना? मग फक्त पाणी बघा. आत कुठून पाणी येतंय तेवढंच. बाकी सगळं दुरुस्त होतं, कुजलेली लाकडी चौकट होत नाही.

आमचा बाहेरून चकचकीत होता. आतले पडदे नवे, गाद्या नव्या. विकणारा इतका गोड माणूस की आम्ही छतावर चढून बघायचं म्हटलं तर उगाच त्याचा अपमान होईल असं वाटलं. पहिल्या पावसात वरच्या बंकवरून मुलगा म्हणाला, "बाबा, भिंत मऊ आहे." बोट दाबलं तर आत गेलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तर शिडी घेऊन जा. छताच्या कडा, झरोके, कोपरे, जिथे जिथे सीलंट लावलंय तिथे भेगा बघा. एकाच ठिकाणी ताजं सीलंट थापलेलं दिसलं तर का थापलं ते विचारा. बाहेरच्या भिंतीला बाजूने डोळा लावून बघा, फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय. वरची कपाटं उघडून कोपऱ्यांत हात फिरवा. दारापाशी आणि बंकखाली टाच दाबून चाला, जमीन लवायला नको. नाकही वापरा. आत सुगंधी फवारा मारलेला असेल तर तिथूनच परत फिरा. आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघायला जा, आधी न सांगता.

चाकधर
ताडपत्रींशी पूर्ण सहमत. त्यात टायरची भर घालतो. टायरवर डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रेलरचा टायर झिजून जायच्या आधी वयाने जातो, नक्षी नव्यासारखी दिसली तरी फसू नका. सहा-सात वर्षांचे असतील तर नव्या टायरांचे पैसे किमतीतून कापून घ्या.

आता धागाकर्त्याचा हिशोब. २,२७० हा आकडा विसरा, तो जाहिरातीतला आकडा. खरा लगाम पेलोडचा आहे. तुम्ही दोघं १४० किलो धरू, मुलं ६३, त्यांच्या सीट २०, हिचचं (ट्रेलर जोडायचा सांगाडा) लोखंड ४०, गाडीतलं सामान ६०. झाले ३२३. ५६० मधून गेले तर उरले २३७. म्हणजे टंग वेटला तुमची २२७ची मर्यादा जेमतेम बसते. टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असायला हवं. १३ टक्के धरलं तर भरलेला ट्रेलर पावणेसतराशे-साडेसतराशे, १५ टक्के धरलं तर दीड हजार. आणि मुलं वाढणार आहेत, सामान तर वाढणारच. मी दीड हजार भरलेला एवढंच डोक्यात ठेवीन.

भरलेला म्हणतोय, रिकामा नाही. माहितीपत्रकातल्या कोरड्या वजनात पाणी नाही, तुमचं सामान नाही, बहुतेक वेळा बॅटरीही नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यात घासाघीस चालत नाही. म्हणजे कोरडं वजन ११५० ते १२०० च्या आतलं शोधा. स्लाइड-आउटचा प्रश्न इथेच निकालात निघतो, त्या यंत्रणेचंच वजन भरपूर असतं.

कळसूत्री
एवढं घाबरवायचं कारण नाही. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावा, पेलोडचा प्रश्नच मिटतो. आम्ही अशाच गाडीने १९०० किलो ओढतो, चार वर्षं झाली, काही होत नाही.

चाकधर
मिटत नाही. ते हिच गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतं, त्याने गाडी समतोल राहते. गाडीच्या पुस्तिकेत त्याच्यासकट जी मर्यादा छापलीय ती छापलेलीच राहते. आणि त्याचं स्वतःचं वजन तुमच्याच पेलोडमधून जातं, वर धरलेले ४० किलो तेच.

कळसूत्री
पुस्तिका लिहिणारे ट्रेलर ओढत नाहीत.

चाकधर
अपघातानंतर विमावाले मात्र पुस्तिकाच वाचतात.

हिंडफिऱ्या
तुमचं चालू दे. वजनाइतकंच ते कुठे ठेवलंय यावरही असतं, हे मी फुकटात शिकलेलो नाही. आमचा बंकवाला ट्रेलर, बंक मागे. बंकखालची जागा म्हणजे आयतं कोठार, म्हणून खेळणी, पुस्तकं, खुर्च्या सगळं तिथे कोंबलं. वर मागच्या बंपरला चार सायकली टांगल्या. उतारावर मागून ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. मी घाबरून ब्रेक दाबला, आणि नेमकं तेच करायचं नसतं. आणखी झोलला. बायकोने सांगितलं म्हणून आठवलं, ब्रेक कंट्रोलरचा खटका हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढला. थांबल्यावर दहा मिनिटं कोणी बोललं नाही.

सामानाचं साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या चाकांच्या पुढे असू द्या. मागे बंक असलेल्या ट्रेलरमध्ये हे अवघड जातं, ते आधी लक्षात घ्या. आणि बहुतेक ट्रेलरचा मागचा बंपर सायकली टांगण्यासाठी बनवलेला नसतो. माझा वाकला.

गोगलगाय
आम्ही पाच वर्षं बंपरवर सायकली लावतो, काही झालं नाही.

हिंडफिऱ्या
माझंही पाच वर्षं काही झालं नव्हतं.

मृगजळ
बंकवर कोण कसं झोपणार याबद्दल कोणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बंकवर झोपवू नये असंच सगळीकडे सांगतात. म्हणजे तुमचं शेंडेफळ अजून साडेतीन वर्षं खालीच. सहा वर्षांचा आताशा कुठे बसतोय. बंकच्या कठड्याची उंची गादी घालून मोजा, जाड गादी टाकली की कठडा नावापुरता उरतो. बंकला वजनाची मर्यादा असते, ती कुठेतरी चिकटवलेली असते, शोधा. नऊ वर्षांची मुलगी बघता बघता तेरा वर्षांची होईल, तेव्हा तिचे पाय कुठे जातात तेही बघा. तिला स्वतःला झोपवूनच बघा, टेप नको.

बंकजवळ बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का? चूल आणि दार बहुतेक एका बाजूला असतात, मुलं दुसऱ्या टोकाला. ती खिडकी मुलांकडून उघडवून बघा. धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा, तिन्ही गजर चालतात का बघा. त्यांचंही आयुष्य संपतं, मागे तारीख असते.

एक घाणेरडी गोष्ट राहिली. पाच माणसं बंद डब्यात रात्रभर श्वास घेतात, ते पाणी जातं कुठे? बंकच्या गादीखाली. आमच्या पहिल्या मोसमात गादी उचलली तर खाली काळी बुरशी. आता खाली पट्ट्या टाकून गादी उचलून ठेवलीय आणि झरोका थंडीतही बोटभर उघडा असतो.

ताडपत्री
बघा! शेवटी पाणीच.

निवांत_नाना
फिफ्थ व्हीलमध्ये हवा खेळती राहते.

कळसूत्री
मधला मार्ग सुचवतो, हायब्रिड घ्या. दोन्ही टोकांना कापडी पलंग बाहेर उघडतात. वजन कमी, झोपायला जागा भरपूर.

गोगलगाय
पावसात ओलं कापड मिटवून घरी आणलं की सुकवायला परत उघडायचं. यांना तंबूच नकोय ना? आणि मी पुन्हा सांगते, बंक.

निवांत_नाना
बंक +१. फक्त मोठ्या ट्रेलरमध्ये.

पोरवडा
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गेले, घेतला एकदाचा. आता शिव्या खायला आलोय.

बंकवाले चार बघितले. दोन वजनात बसत नव्हते, चाकधर यांचा हिशोब खिशातच होता. तिसऱ्यात ताडपत्री यांनी सांगितलं तशी टाच दाबली, दारापाशी जमीन लवली. विकणारा म्हणाला, "तेवढं चालतं हो." चौथा सगळ्यात बरा होता, पण मोठी झोपून बघायला गेली तर डोकं आणि पाय दोन्ही भिंतींना. धाकट्याने बंकचा पडदा ओढला, आत अंधार झाला आणि तो जो रडायला लागला तो गाडीत बसेपर्यंत.

शेवटी घेतला तो बंक नसलेला. जोडप्यांसाठीचा म्हणून विकतात, मागे १५० बाय २०० चा एक पलंग, पुढे इंग्रजी यू आकाराचं डायनेट. कोरडं वजन ११३० किलो. स्लाइड-आउट नाही. पलंगावर तिन्ही मुलं आडवी, मध्ये धाकटा. आम्ही दोघं डायनेटवर. मुलं झोपली की आमचा पलंग उलगडायचा, त्यामुळे गोगलगाय यांची हद्दपारी आम्हाला नाही, आम्ही आतच असतो. किंमत बजेटपेक्षा थोडी खाली गेली, त्या पैशांत चार टायर बदलले (कोड होता १६१७!) आणि बेअरिंगला नवं ग्रीस भरून घेतलं.

सगळं भरून वजनकाट्यावर नेला. १,४२० किलो, टंगवर १८५.

चाकधर
१३ टक्के. झकास. बाकी मी काही बोलत नाही.

गोगलगाय
मी बोलते. रोज उलगडायचा पलंग घेऊ नका असं दोनदा लिहिलं होतं. आणि दोन-तीन वर्षांत आडवं झोपणाऱ्या मुलीचे पाय १५० मध्ये मावायचे नाहीत. ती बंकमध्ये मावत नव्हती म्हणता, मग इथे कशी मावेल?

पोरवडा
तेव्हा ती म्हणे बाहेर तंबूत झोपणार आहे, एकटी. तसं तिने आत्ताच जाहीर केलंय. तंबू विकलेला नाही.

निवांत_नाना
दोन वर्षांनी पिकअपचा धागा काढाल तेव्हा मला आवाज द्या.

पोरवडा
नक्की नाना. तोवर एक प्रश्न. डायनेटच्या गाद्या रात्री सरकतात आणि मधोमध फट पडते. पहाटेपर्यंत आमच्यातला एक जण त्या फटीत असतो, बहुतेक मीच. काय करता?

मृगजळ
गाद्यांखाली रबराची जाळीदार चटई टाका, घसरत नाहीत. आणि वरून एकच सलग पातळ गादी, दिवसा गुंडाळून मुलांच्या पलंगावर ठेवायची.

गोगलगाय
आम्ही फटीत जुनं ब्लँकेट घट्ट गुंडाळून कोंबायचो. माझे यजमान दोन वर्षं त्याच्यावर झोपले. त्यांना विचारून सांगते, ते अजून त्याबद्दल बोलत नाहीत.