जुन्या सेलबोटीतलं फोल्डिंग टेबल डुगडुगतंय, कसं पक्कं करू?

शीड_सैल: मंडळी, ३० फुटी जुनी सेलबोट आहे, केबिनमधलं जेवायचं टेबल एका बाजूने बल्कहेडला (केबिनच्या आडव्या भिंतीला) बिजागरीवर आणि दुसऱ्या बाजूला एकच घडीचा पाय, तो खाली जमिनीत एका सॉकेटमध्ये बसतो. धक्क्याला बांधलेली असते तेव्हाही हात टेकला की डुगडुगतं, आणि बोट कलली की तर खरंच भीती वाटते कारण केबिनमधून चालताना प्रत्येकजण आधाराला तेच टेबल पकडतो. स्क्रू दोनदा आवळले, आठवड्यात परत ढिले. पायाखाली पाचर मारून बघितली, ती पण निघाली. आता जाड स्क्रू घालू का सरळ पाय जमिनीला कायमचा चिकटवून टाकू?

बिल्जवाला: चिकटवू नका हो! खाली बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचणारी जागा) असणार, फळी उचलता आली नाही तर पाणी कुठून येतंय ते कधी कळणारच नाही. आणि जाड स्क्रूही एवढ्यात नको, आधी नक्की हलतंय कुठे ते शोधा. एकाने टेबल हळू हलवायचं आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट असं ठेवायचं की अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. जिथे ढिलाई असेल तिथे बोटाला लगेच कळतं, डोळ्याला दिसत नाही ते. बिजागरीची पिन, बल्कहेडचे स्क्रू, पायाचा वरचा सांधा, सॉकेट, सगळीकडे बघा, आणि जमिनीची फळी स्वतःच हलत नाही ना तेही.

रंधा_आणि_करवत: वरच्यांशी सहमत. स्क्रू आवळून परत ढिले होतात म्हणजे लाकडात पकडच उरलेली नाही, भोक मोठं झालंय. स्क्रू काढा आणि भोकात टोच्या घालून बघा, लाकूड मऊ, काळपट लागलं तर ते कुजलंय, मग ओल कुठून येते ते आधी थांबवा आणि तेवढा तुकडा बदला. लाकूड घट्ट असेल तर भोक स्क्रूच्या दुप्पट रुंद करा, पण आरपार जाऊ देऊ नका, आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारी राळ) लावून लाकडाला पिऊ द्या, मग त्यातच सिलिकाची पावडर घालून चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट करून ठासून भरा. निदान २४ तास हात लावू नका, थंडी असेल तर जास्त. मग त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू. मी काडेपेटीच्या काड्या आणि गोंद वगैरे सगळं करून बसलोय, घरातल्या कपाटाला चालतं ते, बोटीत नाही.

दर्याचा_माणूस: इपॉक्सी ठीक, पण पायाच्या सॉकेटला मी तरी स्क्रूवर भरवसा ठेवणार नाही. लाट आली आणि ७० किलोचा माणूस टेबलावर फेकला गेला तर तो जोर नुसत्या वजनाच्या कितीतरी पट असतो, टेबल उखडलं की माणूस टेबलासकट समोरच्या बाजूला जातो. आरपार नट-बोल्ट घाला आणि फळीखाली मोठे वॉशर किंवा प्लायची जाड पट्टी द्या म्हणजे जोर पसरतो. भोक पाडण्याआधी फळी उचलून खाली टाकी, पाईप, वायर काय आहे ते डोळ्यांनी बघा, अंदाजाने ड्रिल मारू नका. बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. पाय अल्युमिनियमचा असेल तर स्टेनलेस जिथे टेकतो तिथे मध्ये प्लास्टिकचा वॉशर आणि गंजरोधक पेस्ट, नाहीतर खारट ओलीत अल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसायला लागते.

अजून एक, एकच पाय असेल तर आडव्या हलण्याला अडवणारं काहीच नसतं. टेबलाच्या खालून पायाच्या मधोमध एक तिरका दांडा द्या, खिटी काढली की सुटणारा. त्रिकोण झाला की हलत नाही.

शीड_सैल: काल बोट ठेवून बघितलं. मी सॉकेटवरच अडकलो होतो, ते तर दगडासारखं आहे! हलत होता तो बल्कहेडचा बिजागरीचा ठोकळा. डावीकडचे दोन स्क्रू काढले तर टोकं तपकिरी आणि ओली, वर खिडकीचं सील गळतंय. टोच्या आत गेला पण अर्धा सेंटिमीटरच, त्यापुढे लाकूड घट्ट लागलं. आधी खिडकी काढून नव्याने सील करतो, मग लाकूड पूर्ण वाळलं की मऊ भाग कोरून इपॉक्सी. तिरक्या दांड्याचं मापही घेऊन ठेवलंय. तोपर्यंत टेबल घडी करून बांधलंय आणि सगळ्यांना छताच्या दांडीला धरायला सांगितलंय.

बिल्जवाला: उत्तम. वाळायला घाई करू नका, ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही.