करक्युमिनच्या गोळ्या : एकाच्या दोन घेतल्या तर चालतील का? (मदत हवी आहे)

कोयनाकाठ | रविवार, रात्री १०.५२
आईचे गुडघे फार दुखतात. चुलतवहिनींनी न्यू जर्सीहून करक्युमिनच्या, म्हणजे हळदीच्या अर्काच्या, गोळ्यांची बाटली आणली, त्यातली एक ती रोज सकाळी घेते. फरक आहे म्हणते. आता वहिनी म्हणतात दोन घ्या, लवकर गुण येईल. दोन चालतील का? आणि रात्रीचं हळद-दूध चालू ठेवायचं की बंद? उद्या सकाळी तिला फोनवर सांगायचंय, त्यामुळे लवकर कळवा. 'डॉक्टरांना विचारा' हे मलाही सुचतं, ते सोडून बोला.

चिंचगूळ | रात्री ११.०४
गोळ्या कशाला? हळद तुपात परतायची, वर चिमूटभर मिरपूड, मग कोमट दूध. नुसती दुधावर भुरभुरवली तर तळाशी गाळ बसतो आणि तो आपण बेसिनमध्ये ओततो. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, दोन जिने चढतात.

सुटे_पैसे | रात्री ११.१०
वय किती? गोळी किती मिलिग्रॅमची? किती दिवस झाले? बाकी औषधं कोणती?

कोयनाकाठ | रात्री ११.१५
६८. गोळी ५०० ची. पंधरा-सोळा दिवस झाले. गुडघे झिजलेत, डॉक्टर म्हणतात गुडघे बदला, ती नाही म्हणते. बाकी बीपीची वगैरे नेहमीची. प्रश्न दोन गोळ्यांचा आहे.

रसायनवाला | रात्री ११.३१
आधी हिशेब करा. घरच्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के असतं. तुमची गोळी बहुतेक ९५ टक्के अर्काची असेल, म्हणजे एका गोळीत साधारण पावणेपाचशे मिलिग्रॅम. तेवढं पोटात जायला पंधरा ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. एवढी हळद कुठलीच आई आमटीत घालत नाही. त्यामुळे 'आपली घरचीच हळद, तिचं काय होतंय' हे गोळीला लागू नाही. दुधातली चिमूटभर हळद या हिशेबात नगण्य आहे. चालू ठेवा नाहीतर बंद करा, फरक शून्य.
बाटलीवर मिरीचा अर्क लिहिलाय का? पाइपरिन?

हरिपूरकर | रात्री ११.४०
हळद कुठली त्यावर सगळं. आमच्या सांगलीच्या राजापुरीचा रंग बघा. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी आमच्याकडे हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे, वर्षानुवर्षं कीड नाही. २००५ च्या पुरात बहुतेक पेवं गेली.

विदर्भी_ठेचा | रात्री ११.४४
वायगावच्या हळदीला मानांकन २०१६ लाच मिळालं हो, सांगलीच्या आधी. वर्धा जिल्हा. आणि करक्युमिनच मोजायचं तर मेघालयातली लाकाडाँग, सात टक्क्यांच्या पुढे जाते. राजापुरी नुसती दिसायला गोरी.

हरिपूरकर | रात्री ११.४६
बाजार कुठे भरतो ते सांगा आधी.

कोयनाकाठ | रात्री ११.५०
दोन चालतील का???
मिरीचा अर्क आहे. वहिनींनी फोटो पाठवला, पाइपरिन १० मिग्रॅ.

अवखळ_बटाटा | रात्री ११.५८
पी हळद आणि हो गोरी, ती हीच गडबड. पंधरा दिवसांत एकाच्या दोन!
गंमत नाही करत. गुडघ्यासाठी पुरावा अगदीच नाही असं नाही. थायलंडमध्ये २०१४ साली ३६७ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना हळदीचा अर्क, दिवसाला १५०० मिग्रॅ, निम्म्यांना आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी. चार आठवड्यांनी दुखण्यात फारसा फरक नव्हता आणि पोटाच्या तक्रारी हळदवाल्यांच्या कमी होत्या.

रसायनवाला | सोमवार, रात्री १२.०९
चार आठवडे, बरं का. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात औषध-रसायनवाल्यांनी शंभराहून जास्त चाचण्या डोळ्यांखालून घातल्या आणि करक्युमिनला चांगलंच फटकारलं. हे द्रव्य टिकत नाही, आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवतं. पेट्रीडिशमध्ये कशावरही काम केल्यासारखं दिसतं.

वैद्य_नव्हे | रात्री १२.२०
म्हणूनच आमच्याकडे अख्खी हळद देतात. एक द्रव्य उपसून काढायचं, गोळी करायची आणि मग 'चालत नाही' म्हणायचं! पेटंट घेताना मात्र चालली होती. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठाने जखमेवरच्या हळदीचं पेटंट घेतलं होतं, आपल्या माशेलकरांनी लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. आजीबाईची हळद, अन् मालकी त्यांची!

रसायनवाला | रात्री १२.२६
पेटंट रद्द झालं ते 'हे नवीन नाही' म्हणून. 'हे गुणकारी आहे' असा त्याचा अर्थ होत नाही.

वैद्य_नव्हे | रात्री १२.२७
झालं. आता आजीला प्रमाणपत्र लागणार.

सुटे_पैसे | रात्री १२.३३
तुमचं भांडण बाजूला ठेवा. कोयनाकाठ, 'बीपीची वगैरे' यातल्या वगैरेमध्ये काय येतं? पाइपरिन आहे म्हणून विचारतोय. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्समध्ये दोन ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिग्रॅ पाइपरिन दिलं, तर रक्तात करक्युमिन वीसपट मिळालं. जाहिरातीत दिसतो तो आकडा हाच. पण हे होतं कसं? यकृत बाहेरून आलेली द्रव्यं मोडून शरीराबाहेर पाठवतं, त्याचा हात पाइपरिन धरतं. हात धरला की बाकीची औषधंही मागे रेंगाळू शकतात.

कोयनाकाठ | सकाळी ७.१२
बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक, आणि ती संध्याकाळची अर्धी. झडपेची. ती तर सहा वर्षं चालू आहे, तिचा गुडघ्यांशी काय संबंध?

सुटे_पैसे | सकाळी ७.१५
झडपेची म्हणजे हृदयाची झडप बदललीय? मग ती रक्त पातळ ठेवणारी गोळी असणार. ॲसिट्रॉम की वॉरफेरिन?

कोयनाकाठ | सकाळी ७.१८
हो, २०१९ ला. मेटलची बसवलीय. ॲसिट्रॉम.

सुटे_पैसे | सकाळी ७.२१
अहो, हे सगळ्यात आधी सांगायचं! करक्युमिन आजपासून बंद. दोन सोडा, एकही नको. झडपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका, धातूच्या झडपेवर गुठळी होते. आज सकाळीच पीटी-आयएनआर करा, रक्त किती पातळ झालंय ते त्यात कळतं, आकडा जितका मोठा तितकं पातळ. शेवटचा कधी केला होता? हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग, काळी शी, डोकेदुखी, यातलं काही?
न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये असाच एक रुग्ण नोंदवला होता. वॉरफेरिन व्यवस्थित चालू होतं, हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर. तुमची गोळी त्याच घराण्यातली.

कोयनाकाठ | सकाळी ७.४०
फोन केला. दंडावर दोन काळेनिळे डाग आहेत, कोठीच्या दाराला धडकले म्हणते. ब्रश करताना रक्त येतं, तिला वाटलं नवीन ब्रश टोचतोय. शेवटची तपासणी दोन महिन्यांपूर्वी. बाबा रिक्षा बघतायत. मी पुण्यात आहे.

चिंचगूळ | सकाळी ८.०२
देवा. काळजी घ्या. भाजीतली हळद तरी चालेल ना त्यांना?

रसायनवाला | सकाळी ८.१०
भाजीतली, आमटीतली चालते. ती सहा वर्षं खातच होत्या आणि झडपेच्या गोळीचा डोस त्याच जेवणावर बसवलेला आहे. गडबड अर्काने होते. आणि ज्यांना झडप वगैरे काही नाही त्यांनीही वाचा : ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनी २०२३ मध्ये हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदींवरून इशारा दिला. सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होतं. पण डोळे पिवळे झाले तर 'हळदीचा रंग' म्हणून बसू नका.

खडूफळा | सकाळी ११.३०
कुणी विचारलं नाही पण सांगते, हळद फार झळाळती पिवळी असेल तर घेऊ नका. बांगलादेशात हळकुंडांना शिशाचं क्रोमेट हा विषारी पिवळा रंग चोळायचे. आम्ही हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेतो.

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री ९.२०
आयएनआर ६.१ आला. तिचा अडीच ते साडेतीनमध्ये लागतो. डॉक्टरांनी तिथेच थांबवून घेतलं, झडपेची गोळी दोन दिवस बंद केली आणि परवा पुन्हा तपासणी. बाकी रक्तस्राव नाही. ते म्हणाले, बाटली दाखवली असती तर पहिल्याच दिवशी नको म्हटलं असतं. आई म्हणते, हळद हे काय औषध आहे का सांगायला.
गुडघे पुन्हा दुखतायत. शेक आणि व्यायाम सांगितलाय. सुटे_पैसे, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

विदर्भी_ठेचा | रात्री ९.३१
बरं झालं. बाटली फेका ती.

कोयनाकाठ | रात्री ९.३५
वहिनी परत घेऊन गेल्या. त्यांचेही गुडघे दुखतात.

सुटे_पैसे | रात्री ९.३६
वहिनींना बाकी औषधं कोणती? आणि 'वगैरे' म्हणू नका.