रेट्रो ट्विन घ्यायची तर एअर-कूल्डच घ्यावी, माझं ठाम मत

तेलकट_हात
अकरा वर्षं सिंगल सिलिंडर चालवली, आता जुन्या धाटणीची दोन सिलिंडरवाली घ्यायचीय. यादीतून गाळत गाळत तीन उरल्यात, रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650, ट्रायम्फची बॉनव्हिल टी100 आणि कावासाकीची डब्ल्यू800. तिन्ही चालवून झाल्या आणि माझं मत पक्कं झालंय की स्वतःला रेट्रो म्हणवणाऱ्या गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारंच पाहिजे.

बॉनव्हिल देखणी आहे, त्यात वादच नाही. पण तिच्यासमोर उकिडवं बसून बघा, पुढच्या चाकामागे फ्रेमच्या दोन नळ्यांच्या मधे काळा रेडिएटर दिसतो, जितका लपवता येईल तितका लपवलेला. सिलिंडरवर फिन्स, म्हणजे हवेला उष्णता देणारे पातळ कंगोरे, आहेत पण खरं काम पाणी करतं. थ्रॉटल बॉडीला जुन्या कार्ब्युरेटरचा आकार दिलाय आणि आत फ्युएल इंजेक्शन. मला हे मनापासून खटकतं. यंत्र जे काम करतं ते त्याच्या अंगावर दिसलं पाहिजे. डब्ल्यू800 च्या उजव्या बाजूला सिलिंडरला लागून जी चकचकीत उभी नळी आहे ती शोभेची नाही, आतून शाफ्ट जातो आणि वरती बेव्हल गिअरने कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवतो. इंटरसेप्टरच्या फिन्स कामाच्या आहेत, पुढे छोटा ऑइल कूलर आहे तोही उघड्यावर, कुणी लपवलेला नाही.

दुसरं म्हणजे गाडी मला स्वतः उघडता आली पाहिजे. 650 च्या टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायच्या जागेला, साधे स्क्रू आणि लॉकनट आहेत. इंजिन रात्रभर गार होऊ द्यायचं, सकाळी टाकी उतरवायची, कव्हर काढायचं, फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती आत सरकवायची, ती अगदी मोकळी गेली तर गॅप जास्त, अडली तर कमी, बोटाला किंचित ओढ जाणवली की बरोबर. दर 10,000 किलोमीटरला एक सकाळ जाते आणि मला ती सकाळ हवी असते.

ताकद म्हणाल तर 47 बीएचपी मला पुरून उरते. बोला.

गिअर_दुसरा
दादा, तीन वर्षं टी100 वापरतोय त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही बीएचपीचा एक आकडा सांगून पुढे गेलात, पण अशा गाडीत टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, किती यापेक्षा तो कुठे मिळतो ते महत्त्वाचं असतं. इंटरसेप्टर 52 न्यूटन मीटर देते साधारण 5250 आरपीएमला. टी100 देते 80, आणि तेही 3750 ला. आता गणित करा, 3750 आरपीएमला 80 न्यूटन मीटर म्हणजे जवळपास 42 बीएचपी झाली. तुमची 650 सात हजारांच्या पुढे जाऊन ओरडते तेव्हा जे 47 देते, त्याच्या जवळपास मला चार हजारांच्या आतच मिळतं. चढावर मागे माणूस आणि सामान असलं तरी मी गिअर खाली टाकत नाही, पाच गिअरची गाडी आहे आणि सहावा असावा असं मला क्वचितच वाटतं. हे चालवल्याशिवाय कळत नाही, आणि तुम्ही चालवलीत म्हणता तर एकट्याने चालवली असणार.

आता पाणी. पाणी असलं की इंजिनचं तापमान एका टप्प्यात राहतं, त्यामुळे पिस्टन-सिलिंडरमधली फट कमी ठेवता येते, धुराचे नियम पाळता येतात आणि तरीही ताकद सोडावी लागत नाही. ट्रायम्फने 2016 ला बॉनव्हिल लिक्विड-कूल्ड केली ती काही हौस म्हणून नाही. आणि फिन्स खोट्या म्हणता तर तो आकार त्यांचा स्वतःचाच आहे, पहिली बॉनव्हिल 1959 ची, स्वतःच्या घरातला चेहरा पुढे चालवला तर त्याला सोंग म्हणायचं का? सर्व्हिस 16,000 किलोमीटरला. मी तेवढ्या वेळात गाडी चालवतो.

तेलकट_हात
डबलसीट चालवली नाही हे खरं, तो मुद्दा मान्य. पण पाण्यासोबत पंप आला, थर्मोस्टॅट आला, होसपाइप आले, रेडिएटरवर दगड बसायची भीती आली. जे गाडीत नाहीच ते बिघडणार कसं? आणि 650 अडीच हजार आरपीएमलाच 80 टक्के टॉर्क देते असं कंपनी सांगते, मला चालवताना तसंच जाणवलं, म्हणजे खाली अगदीच कोरडी नाही.

गिअर_दुसरा
52 चे 80 टक्के म्हणजे 42 न्यूटन मीटर हो. माझ्या 80 च्या निम्मे.

क्रँक_270
दोघंही कूलिंगवर भांडताय पण बसल्यावर अंगाला जाणवतो तो क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा, त्यावर कुणीच बोललं नाही.

जुन्या ब्रिटिश ट्विन बहुतेक सगळ्या 360 अंशांच्या, म्हणजे दोन्ही पिस्टन एकत्र वर आणि एकत्र खाली, स्फोट मात्र आळीपाळीने आणि अगदी समान अंतराने. आवाज सलग, भरीव. पण दोन्ही पिस्टन एकदम थांबतात एकदम निघतात म्हणून थरथर जवळजवळ सिंगलसारखी. 180 मधे एक वर असताना दुसरा खाली, ती थरथर बरीच कमी होते पण स्फोट जवळजवळ येतात आणि मग लांब गॅप, कावासाकीची झेड650आरएस तशी आहे, वरच्या रेव्हला मजा आणि खाली जरा रुक्ष. 270 मधे एक पिस्टन टोकाला थांबलेला असतो तेव्हा दुसरा मधोमध जोरात धावत असतो, त्यामुळे पिस्टनच्या धावण्या-थांबण्याने क्रँकचा वेग फारसा कमी-जास्त होत नाही, आणि स्फोट 270 आणि 450 अंशांच्या अंतराने होतात, 90 अंशांच्या व्ही-ट्विनसारखेच. म्हणून तो धड-धड... धड-धड असा लंगडता ठेका येतो. उत्पादनातल्या गाडीत हा क्रँक आधी यामाहाने आणला, 1995 च्या टीआरएक्स850 मधे.

आता तेलकटदादा, तुमच्याच मापाने मोजतो. इंटरसेप्टरचा क्रँक 270 चा आहे. ज्या काळाचं रूप तिने घेतलंय त्या काळात असा क्रँक असलेली ट्विन शोरूममधे मिळत नव्हती. मग हवेवरच्या फिन्स खऱ्या म्हणून ती प्रामाणिक आणि रेडिएटर आहे म्हणून बॉनव्हिल बनावट, हे कसं काय? तिघींत खऱ्या अर्थाने जुन्या वळणाची एकच, डब्ल्यू800, क्रँक 360, कॅम बेव्हलवर, हवेवर थंड, आणि घराणं 1966 च्या डब्ल्यू1 पासूनचं. तत्त्वाचा एवढा आग्रह असेल तर तीच घ्या.

तेलकट_हात
हे लागलं मला. दोन दिवस विचार करून उत्तर देतो.

वाटेवरची
मी पाच फूट एक इंच आहे आणि सहा वर्षं मोठ्या गाड्या चालवतेय, तुमची चर्चा वाचताना सारखं वाटत होतं की यातल्या कुणालाच गाडी पार्किंगमधून हाताने बाहेर काढावी लागत नाही की काय.

इंटरसेप्टर पेट्रोल-ऑइल धरून साधारण 218 किलो, डब्ल्यू800 त्याहून जरा जास्त, टी100 228. आणि एनफिल्डचीच क्लासिक 650, इंजिन तेच, वजन 243! म्हणजे इंजिन एक म्हणून गाडी एक असं होत नाही. सीटची उंची कागदावर इंटरसेप्टरची 804 मिलिमीटर आणि बाकी दोघींची 790, पण तेवढ्यावर जाऊ नका, सीट मांडीपाशी किती रुंद आहे त्यावर पाय टेकतो की लोंबतो ते ठरतं. 790 ची रुंद सीट मला 804 च्या निमुळत्या सीटपेक्षा उंच पडलीय.

मी गाडी बघायला गेले की इंजिन चालू करायच्या आधी तीन गोष्टी करते. साईड स्टँडवरून सरळ उभी करते, हँडल सरळ करून, आणि मनगटावर किती भार येतो ते बघते. मग थोडा उतार बघून पुढचं चाक खाली करून लावते आणि बसल्या बसल्या पायांनी उलटी ढकलते. शेवटी हँडल पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने यू-टर्न. वजन वर टाकीत आहे की खाली इंजिनात ते यू-टर्नमधे लगेच कळतं, दोनशे पंचवीस किलोची गाडी दोनशे दहाच्या गाडीपेक्षा हलकी वाटू शकते. माझी पहिली ट्विन मी फक्त आवाजावर भाळून घेतली आणि पहिल्याच महिन्यात उभ्या उभ्या दोनदा आडवी झाली, उचलायला कुणीतरी यायची वाट बघत रस्त्याकडेला उभं राहिले आहे. वीस मिनिटांच्या टेस्ट राइडमधे हे दिसत नाही म्हणून मुद्दाम करून बघावं लागतं.

सांजवारा
वाटेवरची ताईंशी सहमत, आणि माझं टायरचं गाऱ्हाणं. स्पोकची चाकं म्हणजे ट्यूब, आणि ट्यूब म्हणजे पंक्चर झालं की तिथेच बसायचं. मागच्या वर्षी रात्री साडेनऊला मागचं टायर बसलं, ट्यूबलेस असतं तर बाहेरून प्लग मारून हवा भरून निघालो असतो, इथे चाक उतरवायला सेंटर स्टँड नाही, हत्यारं नाहीत. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपने नवी ट्यूब बसवताना टायर लिव्हरखाली चिमटवली, चाळीस किलोमीटरवर पुन्हा तेच. तेव्हापासून माझा नियम पक्का, लांबचा प्रवास असेल तर अलॉय.

टी100 स्पोकवर येते, डब्ल्यू800 पण. इंटरसेप्टर 2023 पासून काही रंगांत अलॉय आणि ट्यूबलेसवर मिळते, आणि टी100 चंच 900 सीसीचं इंजिन हवं असेल तर ट्रायम्फची स्पीड ट्विन 900 बघा, अलॉय आहेत आणि टी100 पेक्षा हलकी पण आहे. लोक म्हणतात स्पोकशिवाय रेट्रो दिसत नाही. दिसू दे ना कशीही, घरी पोचलो पाहिजे.

आणखी एक. टी100 ला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा, आहे आणि पावसासाठी वेगळा मोड आहे. 650 ला एबीएस आहे, बाकी काही नाही. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यावरून मागचं चाक एकदा सरकलं की मग बोला तत्त्वाबद्दल.

तेलकट_हात
ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल असहमत. 47 बीएचपीला उजवा हात हाच ट्रॅक्शन कंट्रोल असतो, हळू पिळायला शिकायचं. एबीएस हवंच, त्यावर वाद नाही.

शाफ्टवाला
मोटो गुझी व्ही7 यादीत का नाही? तेलकट_हात यांच्या सगळ्या अटी तीच पूर्ण करते. 853 सीसी, एअर-कूल्ड, दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर आलेले, म्हणजे टॅपेट बघायला टाकी उतरवायचीसुद्धा गरज नाही, बाजूला स्टूल घेऊन बसा आणि कव्हर खोला. 2021 च्या मॉडेलला 65 बीएचपी, 5000 ला 73 न्यूटन मीटर, टाकी 21 लिटरची, जिथे इंटरसेप्टरची 13.7 ची आहे. आणि चेनच नाही, शाफ्ट आहे. मी नऊ वर्षांत चेनला ब्रश लावलेला नाही, ताण बघितलेला नाही. क्रँक लांबीच्या दिशेने आहे म्हणून उभ्या गाडीला रेस दिली की गाडी उजवीकडे हलकीशी झुकते, पहिल्या दिवशी दचकायला होतं आणि नंतर तेच आवडायला लागतं.

गिअर_दुसरा
गाडी सुरेख आहे, पण क्लच केबल तुटली तर ती कधी हातात येते हे आधी विचारावं. एनफिल्ड आणि ट्रायम्फचे पार्ट मिळायला सोपे, हे एखाद्याच्या आवडीपेक्षा मोठं कारण आहे. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघितल्याशिवाय इटालियन गाडी घेऊ नये असं मी मनापासून सांगतो.

शाफ्टवाला
केबल मी सीटखाली जास्तीची ठेवतो, आयुष्यात एकदा तुटली, रस्त्याकडेला अर्ध्या तासात बदलली. पण सर्व्हिस सेंटरचं म्हणणं बरोबर आहे, ते नाकारत नाही.

तेलकट_हात
विचार केला. क्रँक_270 यांचं म्हणणं मान्य, मी प्रामाणिक-बनावट असा जो भेद केला त्याला अर्थ नव्हता, 270 चा क्रँक मला आवडतो तर रेडिएटरला नावं ठेवायचा हक्क मला नाही. डब्ल्यू800 पुन्हा चालवली, इंजिन मनात भरतं पण ऐंशी-नव्वदच्या पुढे मला तिच्यात इंटरसेप्टरएवढी मोकळीक वाटत नाही. टी100 या वेळी डबलसीट चालवली, चढावर, आणि गिअर_दुसरा म्हणतात ते शब्दन् शब्द खरं आहे, चौथ्या गिअरमधे ती जशी ओढते तसं 650 ला तिसऱ्यात यावं लागतं.

तरी माझं मत एअर-कूल्डचंच आहे, कारण तेवढं बदललं. मला दिसण्यासाठी नको, उघडण्यासाठी हवी. मी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवतो, बहुतेक वेळा एकटा, आणि गाडीसोबत घालवायच्या वेळातला निम्मा वेळ मला पाना हातात घेऊन घालवायला आवडतो. गुझीसाठी जीव तुटला पण सर्व्हिस सेंटर फार लांब आहे. इंटरसेप्टर, अलॉयवाली.

गिअर_दुसरा
तुमच्या वापराला बरोबर आहे. पण हा धागा वाचून कुणी मागे बायको-पोरगं बसवून घाट चढायला 650 घेईल म्हणून पुन्हा लिहितो, डबलसीट जास्त असेल तर 900 च घ्या. आणि भर उन्हात, ट्रॅफिकमधे अर्धा तास, इंजिन तापल्यावर एकदा चालवून बघा, एअर-कूल्ड गाडीची उजवी मांडी काय सांगते ते सकाळच्या गारव्यातल्या टेस्ट राइडमधे कळणार नाही.

तेलकट_हात
हे करायचं राहिलंय. शनिवारी दुपारी एक वाजता पुन्हा मागून घेतो.

वाटेवरची
आणि उलटी ढकलून बघितली का?

तेलकट_हात
बघितली ताई. इंटरसेप्टर आली मागे, टी100 ला उतरावं लागलं.