शब्दचर्चा: 'अल्कॅलिनिटी'ला मराठीत काय म्हणायचं? ('क्षारता' चालत नाही, कारण खाली)

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. पोरांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी आणि कन्नड दोन्हीत तक्ते करायचं काम घेतलंय, विषय 'गोड्या पाण्याचं आम्लीकरण'. मुख्य गोष्ट तळ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या प्रयोगाची आहे. कॅनडात ऑंटारियोमध्ये संशोधनासाठीच राखून ठेवलेली तळी आहेत, त्यातल्या 223 नंबरच्या तळ्यात त्यांनी 1976 पासून दरवर्षी थोडं थोडं सल्फ्युरिक ॲसिड मुद्दाम सोडलं आणि पीएच 6.8 वरनं हळूहळू 5 च्या आसपास आणला, आणि उतरताना कोण कधी जातंय ते नोंदवत गेले. आधी गेले ते बारीक झिंग्यासारखे प्राणी आणि लहान मासे, म्हणजे मोठ्या ट्राउट माशांचं खाणंच गेलं. ट्राउट स्वतः जिवंत होते खरे, पण खायला नसल्यानं वाळत चाललेले, आणि पिल्लं होणं बंद. हे सगळं 1985 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

आता अडलंय कुठं, तर 'आम्लता', 'आम्लीकरण', 'सामू' (म्हणजे पीएच) इथवर ठीक आहे, पण 'अल्कॅलिनिटी' (पाणी किती आम्ल झेलू शकतं ते माप) आली की गाडी थांबते. डिक्शनरीत 'क्षारता' आहे, कुठं 'अल्कता' आहे. तक्त्यावर काय लिहू?

रसायनच्या बाई
'क्षारता' अजिबात लिहू नका. आपल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे मीठ जातीचा पदार्थ, आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, हे आठवी-नववीच्या पोराला तोंडपाठ असतं. आणि कन्नड माध्यमातल्या पोराला क्षार म्हटलं की अल्कलीच आठवते, मिठाला ते लवण म्हणतात आणि आम्लारीला प्रत्याम्ल. एकाच बेंचवर बसलेली दोन पोरं एकच शब्द दोन अर्थानं वाचणार, आणि आपल्या भागात अशी बेंचं घरोघरी आहेत, एक भाऊ मराठी शाळेत तर बहीण कन्नड. शिवाय आरओवाला येऊन "पाण्यात क्षार जास्त आहेत" म्हणतो तो तिसराच हिशोब, त्याला टीडीएस म्हणायचं असतं, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून.

अथणीचा ऊसवाला
बाई बरोबर बोललात. आमच्यात क्षार म्हटलं की लोकं जमिनीकडं बघत्यात. कृष्णाकाठाला पाणी पाजून पाजून जी रानं गेली त्याला मराठीत क्षारपड म्हणत्यात, चोपण म्हणत्यात, आणि कन्नडवाले सवळु-जवळु. तुमच्या तक्त्यावर 'तळ्याची क्षारता कमी झाली' असं लिहिलं तर आमचा माणूस म्हणणार बरं झालं की, क्षार गेलं, रान सुधारलं! खरं तिथं तर तळं मरायच्या वाटेवर हाय, म्हंजे उलटाच अर्थ लागतोय.

जांबोटीकर
अण्णा, हे फार मोलाचं सांगितलंत. मग 'अल्कता' लिहू का?

रसायनच्या बाई
शब्द म्हणून शुद्ध आहे, पण त्यानंही घोटाळा होतो. 'अल्कता' वाचलं की वाटतं पाणी अल्कधर्मी आहे, म्हणजे सामू 7 च्या वर. अल्कॅलिनिटीचा अर्थ तो नाहीच. सामू म्हणजे आत्ता या क्षणाला पाणी किती आम्ल आहे ते, आणि अल्कॅलिनिटी म्हणजे आणखी आम्ल पडलं तर हे पाणी किती पचवू शकेल ते. दोन तळ्यांचा सामू अगदी 7 आणि 7 असला तरी एकाची अल्कॅलिनिटी लिटरला 10 मिलिग्रॅम आणि दुसऱ्याची 200 असू शकते. पहिल्याचा सगळा साठा जेवढ्या आम्लात संपतो तेवढंच आम्ल दुसऱ्यात पडलं तर त्याच्याकडं 190 शिल्लक, त्याला कळणारही नाही.

लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. 100 मिली पाणी घ्यायचं, मिथाइल ऑरेंज या दर्शकाचे दोन थेंब, पाणी पिवळं होतं, मग ब्युरेटमधनं (मापाच्या खुणांच्या उभ्या नळीतनं) 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड थेंबथेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. पिवळ्याचा नारिंगी-लालसर झाला की थांबायचं, जितके मिली लागले त्याला दहानं गुणायचं, झाली अल्कॅलिनिटी. खानापूरकडच्या जांभ्या दगडातल्या झऱ्याचं पाणी पोरं आणतात तेव्हा नळी सोडली न सोडली तोवर रंग पालटतो, आणि काळ्या रानातल्या बोअरचं असलं की ब्युरेट खाली उतरतच राहते, पोरं विचारतात बाई ॲसिड खराब झालंय का. त्याच पोरांना विचारा अल्कॅलिनिटी म्हणजे काय, नीट सांगतील, फक्त शब्द नसतो त्यांच्याकडं.

निपाणीकर
मग हे जड पाणी आणि हलकं पाणी नव्हं का? जुन्या पुस्तकात दुष्फेन-सुफेन होतं बघा. आमच्या आजीची परीक्षा सोपी, ज्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही ते जड.

रसायनच्या बाई
दादा, जवळचं आहे पण तेच नव्हे. जडपणा येतो कॅल्शियम-मॅग्नेशियमनं, डाळीतलं पेक्टिन कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून ती मऊ होत नाही. अल्कॅलिनिटी येते मुख्यतः बायकार्बोनेटनं. चुनखडीच्या भागात दोन्ही एकदमच येतात म्हणून एकच वाटतात, पण चोपण रानातल्या बोअरला सोडियम बायकार्बोनेट भरपूर आणि कॅल्शियम थोडं असं असू शकतं, म्हणजे डाळ शिजेल आणि अल्कॅलिनिटीही भरपूर.

मलप्रभाकाठ
मी मूळ शब्दाबद्दलच विचारतो. 'गोड्या पाण्याचं आम्लीकरण' वाचून माझ्या मुलीनं विचारलं, गोड पाणी आंबट होतं का? गोडं म्हणजे खारं नव्हे ते, हे सांगितलं, पण आंबटाचं काय?

जांबोटीकर
आंबट लागत नाही. सामू 5 चं पाणी तोंडात घेतलं तर कळायचं नाही, लिंबाचा रस 2 ते अडीचच्या घरात असतो. साधं पावसाचं पाणीसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून 5.6 च्या आसपास असतंच. आणि सामूची पायरी दहापटीची असते, 6 वरनं 5 वर आलं की आम्ल दहापट, 4 वर आलं की शंभरपट, म्हणून तक्त्यावर नुसतं '1 ने घट' लिहिणं मला पटत नाही. आकडा कमी म्हणजे आम्ल जास्त हेही तिथंच लिहायला हवं. आपले शेतकरी माती परीक्षणाच्या कागदावर सामू वाचतात, कन्नड कागदावर रससार असतो, दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवतोय.

त्यापेक्षा मला 'नितळ' शब्दाची काळजी आहे. स्वीडन-नॉर्वेतली जी तळी आम्लानं गेली ती दिसायला काचेसारखी नितळ होती. आपण नितळ म्हटलं की चांगलंच समजतो. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं, मासा पाण्यात असून गुदमरतो, आणि वरनं बघणाऱ्याला पाणी सुंदर दिसतं.

अथणीचा ऊसवाला
हे आपल्याकडं होतंय का? राकसकोपला, हिडकलला?

जांबोटीकर
अण्णा, आपल्या धरणांबद्दल तसं काही मी लिहिणार नाही. भारतात पुष्कळ ठिकाणी हवेतली चुनखडीवाली धूळ पावसातलं आम्ल मारते, त्यामुळं स्वीडनचं चित्र उचलून इथं चिकटवायचं नाही. पण घाटमाथ्यावर कणकुंबी-जांबोटीकडं धो धो पाऊस आणि धुऊन निघालेला जांभा, तिथलं पाणी मुळातच हलकं, साठा थोडा. तेवढं पोरांना कळलं पाहिजे, म्हणूनच मला या एका शब्दासाठी एवढी धडपड.

मलप्रभाकाठ
आम्लशामकता? उदासिनीकरण क्षमता?

रसायनच्या बाई
उदासिनीकरण पुस्तकातलाच शब्द आहे, चुकीचा नाही, पण शेजारी 'उदास' दिसतं आणि पोरं तिथंच अडतात. शामक वाचलं की आम्लपित्ताची गोळी आठवते. मी वर्गात 'आम्ल पचवायची ताकद' म्हणते, लगेच पोचतं.

जांबोटीकर
'पचवणं' मला आवडलं, आणि शिंडलरच्या गोष्टीला तर फारच बसतं. 223 मध्ये हिशोबापेक्षा जास्त ॲसिड ओतावं लागलं, कारण तळाच्या गाळातले जिवाणू सल्फेट वापरून टाकत होते आणि त्यातनं तळं स्वतःच नवी अल्कॅलिनिटी तयार करत होतं. म्हणजे साठा नुसता दगडातनं येत नाही, जिवंत तळं तो बनवतंही. 'क्षारता' लिहिली असती तर ही गोष्ट सांगताच आली नसती.

निपाणीकर
मग ॲसिड थांबवलं की तळं बरं होतं का?

जांबोटीकर
सामू बऱ्यापैकी परत येतो. ऑंटारियोतच सडबरीला निकेल-तांब्याच्या भट्ट्यांचा धूर कमी केल्यावर तिथली तळी सुधारली. पण आम्लानं आसपासच्या मातीतलं कॅल्शियम वर्षानुवर्षं धुऊन नेलेलं असतं, ते लवकर भरत नाही, आणि ज्यांना कवच बनवायला कॅल्शियम लागतं ते डॅफ्नियासारखे बारीक जीव मागं राहतात. म्हणून 'सामू सुधारला' आणि 'तळं सुधारलं' ही दोन वाक्यं मी वेगवेगळीच ठेवणार.

तर तक्त्यावर असं लिहितोय, बघा: "आम्लपचन क्षमता (अल्कॅलिनिटी): पाणी किती आम्ल पचवू शकतं त्याचं माप. सामू उतरायच्या आधी ही संपते."

रसायनच्या बाई
"आधी ही संपत येते" करा. ती संपत आली की मग सामू घसरतो, पण थोडा थोडा सुरुवातीपासनं हलत असतोच. आणि खाली एकक लिहा, 'मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात'. पाण्याच्या रिपोर्टवर तसंच येतं, पोरं घरी जाऊन ताडून बघतील.

अथणीचा ऊसवाला
कन्नड तक्त्यावर बी क्षार घालू नका, तिथंबी आमच्याकडची लोकं सवळुच समजत्यात. 'आम्ल तडेयुव शक्ती' लिवा, आम्ल अडवायची शक्ती म्हणून. माझ्या बोअरच्या पाण्याची बाटली पाठवून देतो, पोरांना ब्युरेटला लावून दाखवा.