पाँपेईतली हस्तिदंती बाई आणि आपलं तेर

प्राचीन व्यापारी मार्गांवरून कला पश्चिमेकडून इकडे आली असं म्हणतात, आणि उदाहरण देतात गांधारच्या (आजच्या पेशावरच्या भागातल्या) ग्रीक वळणाच्या शिल्पांचं. गांधारचं खरंच आहे, पण उलट दिशेचा एक पुरावा मला फार जवळचा वाटतो. १९३८ साली इटलीतल्या पाँपेई या प्राचीन शहराच्या उत्खननात साधारण वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, भरगच्च दागिने, बांगड्या, दोन्ही बाजूंना दासी, म्हणजे बघताक्षणी कळतं ही आपल्याकडची आहे! पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे त्याच्या आधीच ही बाई इटलीत पोचलेली. आधी तिला मथुरेची समजायचे, पण मराठवाड्यातल्या तेर आणि भोकरदनला अगदी तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्यावर बरेच अभ्यासक तिला दख्खनची मानू लागले.

आणि हे पटतंही, कारण पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात स्पष्ट लिहिलंय की पैठण आणि तगर म्हणजे तेरहून माल गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला यायचा, पैठणचा गोमेद, तगरचं कापड वगैरे. भडोचहून पुढे जहाजं.

तिकडून इकडे येणंही होतंच की. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली, आणि कार्ल्याच्या चैत्यात (बौद्ध प्रार्थनागृहात) खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं दाते म्हणून कोरलीत, ती वाचताना मला दर वेळी भरून येतं, परक्या मुलखातली माणसं पण दान बौद्ध लेण्याला आणि लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. तेरचं म्युझियम मात्र नक्की बघा, निवांत वेळ काढून.